ओहोटी लागायच्या आत राजापूर गाठा

चपला काढा आधी. मोबाईल, घड्याळ, पाण्याची बाटली, गॉगल सगळं इथंच ठेवा, परत आलात की मिळेल. अंगात बाराबंदी, गुडघ्याखाली जेमतेम पोचणारं धोतर किंवा कासोटा घट्ट खोचलेलं लुगडं, आणि खांद्यावर एक राजापुरी पंचा. पंचा विसरू नका. पुढचे दोन दिवस तोच तुमचा टॉवेल, तोच छत्री, तोच उशी आणि वेळ आली की नाकावरचा पडदाही तोच.

झालं? आता हळूच उभे राहा. हळू म्हटलं, होडी डुलतेय.

साल साधारण १८८०. नक्की कोणतं ते विचारू नका. तांडेलाला विचारलंत तर तो एवढंच सांगेल की वैशाख आहे आणि भरती अजून घटकाभर टिकेल. त्याचं काम या दोन गोष्टींवर भागतं. तुम्ही जैतापूरच्या खाडीतून राजापूरकडे निघालेल्या एका पडावात आहात आणि खजुराच्या बोचक्यावर बसला आहात. चटईत घट्ट बांधलेला हा खजूर उन्हानं पाझरायला लागलाय. तुमच्या धोतराला खालून चिकट, गोड ओल आलीय आणि तिच्यामागून माशा आल्यात. पडावाच्या फळ्यांना चोपडलेलं माशाचं तेल वैशाखाच्या उन्हात असं तापलंय की तो वास नाकात कमी आणि घशात जास्त लागतो. नाकावर पंचा धरा. सांगितलं होतं.

मागं वळून पाहा. खोल पाण्यात नांगर टाकून उभं असलेलं ते मोठं गलबत अरबांचं आहे. अरबस्तानातून थेट इथवर आलंय. रत्नागिरी जिल्ह्यात अरबांची गलबतं अजून थेट व्यापाराला येतात असं हे एकच बंदर उरलंय, आणि राजापूरकरांना त्याची घमेंडही आहे. पण गलबत तिथंच का थांबलं? कारण पुढं त्याच्याजोगं पाणी नाही. राजापूरचा दगडी धक्का अजून तीन मैल आत आहे, आणि त्या तीन मैलांत मोठं जहाज आणायचं धाडस आता कुणी करत नाही. म्हणून माल लहान होड्यांत उतरवायचा, भरती गाठायची आणि खाडीतून वर सरकायचं.

दोन्ही काठांना कांदळवन आहे. चिखलात खेकड्यांची लगबग चाललीय. वारा पडलाय, शीड लोंबतंय, चार खलाशी बांबू रोवून पडाव ढकलताहेत आणि दर ढकलीला एक हुंकार देताहेत. तुम्हाला झोप येऊ लागलीय. तेवढ्यात खालून खस्सकन आवाज येतो आणि तुम्ही शेजारच्या माणसाच्या मांडीवर आदळता.

"उतरा, उतरा सगळी! रुतला!"

सगळी म्हणजे तुम्हीसुद्धा. भाडं दिलंय वगैरे इथं सांगू नका. कडेवरून पाय खाली सोडा. पाणी कोमट आहे आणि जेमतेम पोटरीपर्यंत येतं. पण पाण्याखालचा गाळ तुम्हाला गुडघ्यापर्यंत घेतो, मऊ, थंड, बोटांच्या बेचक्यांतून वर येणारा. कुजलेल्या पानांचा वास सुटतो. एक पाय उपसला की दुसरा आणखी आत जातो. खांदा लावा पडावाला. जोर लावताना खाली बघून घ्या, कारण या गावाचं पुढं जे काही होणार आहे ते तुमच्या पायाखाली आहे. सह्याद्रीच्या उतारांवरची माती अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या दर पावसाळ्यात घेऊन येतात आणि इथं आणून ठेवतात. वर्षाला थोडी. कुणाच्या डोळ्यांत येणार नाही इतकी थोडी.

पडाव हलला. चढा आता. तुमचे पाय गुडघ्यापर्यंत काळे झालेत, खलाशी हसताहेत. हसू द्या.

धक्क्यावर पाऊल टाकताच पहिला धक्का आवाजाचा बसतो. पाठीवर बोचकी घेतलेले हमाल अंगावर धावून येतात, कारण उतारावर त्यांना थांबता येत नाही आणि बाजूला होणं हे तुमचं काम. एक मुनीम सावलीत मांडी घालून माल मोजतोय. 'लाभ' म्हणून सुरुवात करतो, मग दोन, तीन, चार. एक म्हणायचं नाही. पहिला आकडा शुभच निघाला पाहिजे. त्याच्यासमोर एक उंच अरब उभा आहे, डोक्याला फडकं, अंगात घोट्यापर्यंतचा मळका झगा. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मध्ये उभा असलेला गावातला मुसलमान दलाल दोघांशी बोलतो, दोघांना शांत करतो आणि दोघांकडून पैसे घेतो. दुपारभरात त्याच्याइतकी कमाई इथं कुणाची होत नसेल.

त्या बाजूला दिसतेय ती भक्कम दगडी इमारत इंग्रजांची जुनी वखार. तिचं आवार थेट खाडीपर्यंत उतरतं. शिवाजी महाराजांनी ती लुटली, खणून काढली, इंग्रजांना धरून नेलं, हे सगळं तुम्ही शाळेत वाचलंय. आत्ता तिथं सरकारी कचेरी आहे. दारात एक पट्टेवाला पेंगतोय आणि आत कारकून घाम पुसत कागद रंगवताहेत. आत जाऊ नका, बघण्यासारखं काही नाही आणि अर्ज घेऊन आलात असं समजून तासभर बसवून ठेवतील.

बाजाराकडे चला. गल्ल्या चढाच्या आहेत आणि इतक्या अरुंद की समोरून बैल आला तर तुम्हाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागेल. पण बाजारपेठेत शिरलात की एकदम बरं वाटेल, कारण हिच्यावर छप्पर आहे आणि खाली फरसबंदी. बाहेरचं पांढरं ऊन एका पावलात संपतं. डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही, म्हणून आधी नाकानं चला. उजवीकडे सुकी मासळी, तिला चुकवता येणार नाही. पुढं काथ्या आणि नवे दोरखंड. मग ओलसर मिठाचा वास. मग अचानक गूळ, आणि त्या गुळामागं मिरची. शिंका येणार. एक, दोन, तीन. दुकानदार मोजतोय, शकुन बघत असावा.

मिरची आणि गूळ समुद्रातून आलेले नाहीत. ते वरून आलेत, आणि ज्या पाठींवरून आले त्या आता तुमच्या अंगावर येताहेत. घंटांचा आवाज आधी ऐकू येतो, शेकडो घंटांचा मिळून एक. मग धूळ, आणि मग बैल. गाड्या नाहीत, नुसते बैल, दोन्ही कुशींना गोण्या लादलेले. अणुस्कुऱ्याचा घाट उतरून आलेला हा तांडा आहे. त्या घाटात दगडांची जुनी फरसबंद वाट आहे. तिच्यावरून बैल उतरू शकतो, माणूस उतरू शकतो, गाडी नाही. ओट्यावर चढा. एक बैल तुमच्या पंच्याला जीभ लावून जाईल, खजुराचा पाक लागलाय त्याला.

या दोन वाटा जिथं भेटतात तिथं राजापूर आहे, आणि ते एवढ्यासाठीच आहे. घाटावरून गूळ, तूप, तंबाखू, मिरची, हळद उतरते. समुद्रावरून खजूर, खारीक, मीठ, नारळ चढतात. आजही सांगलीच्या पेठेत 'राजापुरी' नावाची हळद विकली जाते. राजापुरात स्वतःचं असं फारसं काही पिकत नाही. चढउतार आहे, जांभा दगड आहे, आंबा-फणस आहेत, भात पोटापुरता. गाव पिकतं ते येणाऱ्या-जाणाऱ्यांवर.

भूक लागली ना? ओळखीच्या घरी पान वाढलंय. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, कच्च्या फणसाची भाजी आणि आमसुलाचं सार. पंखा नाही, बर्फ नाही, पण सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून ते गुलाबी सार ओंजळीत घेऊन प्यायलात की उन्हानं सुकलेला घसा पुन्हा तुमचा होतो. यजमान आग्रह करतील, तिसऱ्या वेळी नको म्हणायचं असतं. पाणीही मागून घ्या. वर कोदवली नदीवर हल्लीच धरण झालंय, तिथून नळानं गावात पाणी येतं. लोक त्याला सायबाचं धरण म्हणतात, आणि पाहुण्याला नळ दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. दाखवला की 'वा' म्हणा.

दुपारी ओटीवर आडवे झालात की शेजारची कुजबुज कानावर येईल. यजमानांचा म्हातारा मुनीम तक्रार करतोय. फोंड्याच्या घाटातून गाडीरस्ता झाला, म्हणतो. एका गाडीत आठ-दहा बैलांचा माल बसतो, मग कोण कशाला अणुस्कुऱ्यातून बैलांचे पाय मोडत उतरेल? पूर्वी तांडा गावात शिरला की शेपूट घाटाच्या पायथ्याशी येरडवला असायचं, म्हणतो. म्हातारी माणसं वाढवून सांगतात. यजमान हसतात, पान लावतात आणि म्हणतात, "अरे, यंदा काळजी कसली? गंगा आलीय!"

तेव्हाच तुमच्या लक्षात येतं की गावात इतकी गर्दी का आहे.

गंगा येऊन आठ दिवस झालेत. गावापासून कोसभरावर, उन्हाळे गावाच्या वरच्या टेकाडावर, कोरड्या ठणठणीत जांभ्यात दगडी कुंडं बांधलेली आहेत. महिनोन्महिने ती सुकी असतात, तळाला पाचोळा आणि सरडे. मग एके दिवशी कुणालाही न विचारता तिथं पाणी येतं. तीन वर्षांनी येते आणि तीन महिने राहते असं लोक सांगतात, पण गंगेनं हा करार कधी वाचलेला दिसत नाही. कधी लवकर येते, कधी वाट बघायला लावते, कधी पंधरा दिवसांत निघून जाते. आली की बातमी वाऱ्यावर पसरते. घाट चढून कोल्हापूरकडं जाते, खाडी उतरून बंदराबंदरातून फिरते, आणि राजापूरचे वाणी नवं पीठ दळायला टाकतात.

रात्री झोप फारशी लागणार नाही. प्रत्येक ओटीवर, ओवरीत, गोठ्यात माणसं पसरली आहेत. डास आहेत, मुलं रडताहेत, कुणी भजन धरलंय आणि ज्याला सूर लागत नाही तोच सर्वांत मोठ्यानं म्हणतोय. उशाला पंचा घ्या.

पहाटे निघा, नाहीतर ऊन गाठेल. अर्जुना ओलांडून वाट उन्हाळ्याला जाते. नावावर जाऊ नका, पहाटेसुद्धा इथं वाफ निघते. नदीच्या काठाशी गोमुखातून गरम पाण्याची धार पडते, आणि गंगेवर जायच्या आधी इथं अंघोळ करायची अशी रीत आहे. बायकांची जागा वेगळी, पुरुषांची वेगळी. रांग नावाची गोष्ट या काळात अजून आलेली नाही. कोपर वापरा. धारेखाली डोकं घातलंत की पहिला चटका असा बसतो की तोंडातून देवाचं नाव आपोआप निघतं. मग मानेवरची, पाठीवरची एकेक गाठ सुटायला लागते. गंधकाचा मंद वास, ओल्या धोतरांचे फटके, खोकणारे, शंकराचं नाव घेणारे, मागून ढकलणारे. एक संधिवाताची म्हातारी धारेखालून हलायला तयार नाही. कुणी तिला काही म्हणत नाही.

ओल्या अंगानं टेकाड चढायचं. जांभ्याचे खडे तळपायाला टोचतात, कालच्या गाळाची आठवण येऊन बरं वाटतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसांनी जे काही विकता येतं ते मांडलंय. कुंकू, बुक्का, बत्तासे, कुरमुरे, काकणं, लाकडी बाहुल्या, आंबे, फणसाचे गरे आणि गंगा घरी न्यायला तांब्याचे गडू. गडू भरून तोंड लाखेनं बंद करून मिळेल. गरे घ्या. हातांना चीक लागेल, त्याला इलाज नाही.

दाराशी आलात की आधी एक प्रश्न येईल. नाव नाही, गाव नाही. जात. त्या उत्तरावर ठरतं की तुम्ही कुठपर्यंत जाणार. काहींसाठी सगळी कुंडं आहेत, काही जण लांबून वाहून येणाऱ्या पाण्यावर भागवतात, आणि कुणालाही यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. तुम्हाला वाटेल. बोलून बघा, तुमच्याकडे वेड्यासारखं पाहतील. काळाच्या सहलीत गोड गोडच दिसतं असं मी कबूल केलं नव्हतं.

आत गेलात तर चौदा कुंडं आहेत. नर्मदा, कावेरी, यमुना, गोदावरी, कृष्णा, चंद्र, सूर्य, बाण, अग्नी अशी नावं गंगापुत्र भराभर सांगतो, कारण मागे पन्नास माणसं उभी आहेत. गंगापुत्र म्हणजे इथले पिढीजात उपाध्ये. एका कुंडाचं पाणी गार, शेजारचं कोमट, हे तो तुमचा हात धरून बुडवून दाखवतो आणि बुडवलेला हात दक्षिणेसाठी तसाच पुढं धरून ठेवतो. सर्वांत मोठं काशीकुंड. तिथं गोमुखातून पाणी पडतंय आणि त्याखाली माणसांची अशी दाटी आहे की पाणी कुठं संपतं आणि माणूस कुठं सुरू होतो ते कळत नाही. कुणाचा पाय तुमच्या पायावर, कुणाचा ओला पदर तुमच्या तोंडावर. कुणीतरी हरवलेल्या पोराचं नाव घेऊन ओरडतंय आणि ते पोर शेजारीच गरे खातंय. वर वडाच्या मुळाशी मूळ गंगा आहे. तिथं मात्र आवाज खाली येतात.

गंगापुत्र कथा सांगेल ती ऐका. गंगाजी साळुंखे नावाचा कुणबी होता, वारी चुकवत नसे. म्हातारपणी पाय थकले, तेव्हा गंगाच त्याच्या शेतात आली. भूगर्भवाले वेगळं सांगतात. जमिनीच्या पोटात पोकळ्या आहेत, त्यांत पाणी साठत जातं आणि एका पातळीला पोचलं की वाकड्या नळीतून ओढल्यागत सगळं एकदम बाहेर पडतं, पोकळी रिकामी झाली की थांबतं. मला दोन्ही गोष्टी आवडतात. शेतकऱ्याच्या गोष्टीत निदान गंगेला थोडी लाज आहे.

परत निघताना आजूबाजूला नीट पाहा. तो कोल्हापुराकडचा शेतकरी, ज्यानं शेजारी अंघोळ केली, तो येताना दोन बैलांवर गूळ घेऊन आला होता. गूळ कालच विकला. आज स्नान झालं. आता त्याच बैलांवर मीठ आणि खजूर लादेल, बायकोला काकणं घेईल, जमलं तर धोपेश्वरला जाऊन धूतपापेश्वराचं दर्शन घेईल. होय, औषधाच्या बाटलीवर वाचलेलं तेच नाव. नदी देवळाशेजारून उडी घेत खाली जाते, वैशाखात मात्र धार बारीक. पुण्य आणि बाजार एकाच खेपेत होतात. गंगेला आलेला माणूस राजापुरात उतरतो, कारण दुसरी वाटच नाही.

आता डोळे मिटा. पन्नासेक वर्षं पुढं जायचंय.

घंटा ऐकू येतात का? नाही येणार. कोल्हापूरला आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली. १८९१ पासून तिथला गूळ मिरजेवरून, पुण्यावरून, गाडीत बसून मुंबईला जातो. तो घाट कशाला उतरेल? अरबांचं गलबत असायचं तिथं खाडी मोकळी आहे. १९०१ च्या खानेसुमारीत गावात ५,१७८ माणसं भरली, आणि मुनीम असता तर म्हणाला असता की त्यातले अर्धे मुंबईला जायच्या तयारीत बसलेत. मुनीम नाही आता.

तुम्ही पेठेत उभे आहात. सावली तशीच थंड आहे, पण मिरचीची शिंक येत नाही. काही दुकानांच्या फळ्या लावलेल्या आहेत, त्यांवर धूळ बसलीय. उघडी आहेत त्यांत चहाची पुडी, घासलेट, काडेपेट्या आणि गिरणीतलं कापड. सकाळी दहाच्या सुमाराला पेठ एकदम हलते. पोस्टमन आला. त्याच्या मागं बायकांचा घोळका, कडेवर पोरं. कुणाचा नवरा गिरणीत, कुणाचा मुलगा गोदीत, कुणाचा दीर कुणा शेठच्या घरी. मनिऑर्डर आली तर उधारी फिटेल, तांदूळ मिळेल. एकीची आलेली नाही. ती पोस्टमनला पुन्हा पिशवी बघायला लावते. तो पुन्हा बघतो. पूर्वी या ओट्यांवर माल मोजला जायचा, आता महिन्याला येणारे पाच-सात रुपये मोजले जातात. लाभ म्हणायला कुणी थांबत नाही.

शिमग्याला या, तर गाव वेगळं दिसेल. मुंबईची आगबोट जैतापूरला लागते, बोटीत उलटीचा आणि कोळशाचा वास. पत्र्याच्या ट्रंका डोक्यावर घेऊन चाकरमानी लहान होडीत उड्या मारतात, होडी पुन्हा गाळात रुतते, आणि मुंबईचे बूट काढून बाबू उतरतात ढकलायला. पंधरा दिवस ढोल वाजतात, पालखी नाचते, दुकानं चालतात. मग बोट परत निघते. धक्क्यावर उरतात त्या म्हाताऱ्या, सुना आणि मुलं.

आणि गंगा? ती येतेच आहे. ती आली की बंद फळ्यासुद्धा निघतात, कुणीतरी कढई चढवतो, भजी तळतो. दोन-तीन महिन्यांचा धंदा. पण त्या पाहुण्याच्या भरवशावर पेढी चालत नाही. कधी येणार ते तिलाच ठाऊक, त्यामुळे माल भरून ठेवायचा तरी किती? एका वर्षी कुरमुरे सादळतात, दुसऱ्या वर्षी पुरत नाहीत.

आता आणखी एक उडी, आणि धोतर वर खोचा. या वेळी तुम्ही पाण्यातच उतरणार आहात.

आषाढ आहे, साल तुमचंच, मोबाईलचं. जवाहर चौकात पाणी शिरलंय. पिवळट, गढूळ, मांडीपर्यंत. अर्जुना आणि कोदवली दोघींच्या पात्रांत आता इतका गाळ आहे की जोराचा पाऊस झाला की त्या सरळ बाजारात येतात. भोंगा वाजला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. बघा, घाबरलेलं कुणी नाही. दुकानदार साखळी करून पोती माळ्यावर चढवताहेत. तांदूळ, साखर, वह्या, साड्यांची खोकी, फ्रीज मात्र दोरानं बांधून. कुणी चहाही केलाय, वरच्या मजल्यावरून किटली खाली सोडताहेत. तुम्हीही एक पोतं घ्या. उभे राहा मध्ये. पायाखाली काय लागतंय? मऊ, थंड, बोटांच्या बेचक्यांतून वर येणारं.

पाणी ओसरलं की दोन दिवस फावड्यांचा आवाज चालतो. अलीकडे उन्हाळ्यात यंत्रं लावून पात्रातला गाळ काढायला सुरुवात झालीय, डंपर भरभरून. जहाजांसाठी नाही, दुकानं वाचावीत म्हणून. वखारीची पडझड झालीय, भिंतींवर झाडं आलीत. धक्का कुठं होता ते तुम्हाला कुणाला तरी विचारावं लागेल, आणि तो आधी 'कुठला धक्का?' असं विचारेल. रेल्वे आली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पण 'राजापूर रोड' स्टेशनातला 'रोड' मोठा आहे. गाडीतून उतरून गावात यायला पुन्हा रिक्षा किंवा एसटी हवी.

पाऊस संपू द्या. कोरडे व्हा, चपला घाला, तुमची गाडी काढा. गंगा आलीय, कालच कुणीतरी व्हिडिओ पाठवला. महामार्ग आता चौपदरी आहे आणि अर्जुनेवरून इतक्या उंच पुलानं जातो की खाली बघितलंत तर कौलं दिसतील, खाडी दिसेल, पेठ दिसणार नाही. गाडीचा वेग तेवढा वेळ देत नाही. पुलापासून थोडं पुढं वळण घ्यायचं आणि सरळ गंगेवर. गाडी लावायला जागा आहे. कुंडं तीच, वडाचं झाड, गोमुख, ओली फरशी. दारात जात कुणी विचारत नाही, एवढं मात्र चांगलं झालं. पोरं काशीकुंडात उड्या मारताहेत, एक आजी बाटलीत पाणी भरतेय, प्लॅस्टिकच्या. गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचत बसा: कोल्हापूर, सांगली, पुणे, ठाणे. अंघोळ होते, पाऊण तास. पुढं मालवणला हॉटेल बुक आहे.

महामार्गावर चहा घ्यायला थांबता. वडापावही घ्या, गरम आहे. शेजारच्या टेबलावर सांगलीचं एक कुटुंब बसलंय. त्यातल्या काकू गल्ल्यावरच्या पोराला विचारतात, इथं हळद-मसाले चांगले कुठं मिळतात?

"कणकवलीला मिळतील," तो सांगतो, "वाटेतच लागेल."

"आणि राजापूर? बाजार असेल ना तिथं?"

"राजापूर मागं राहिलं, काकू. पुलाच्या खाली. आता यू टर्न लांब पडेल तुम्हाला." आणि तो पुढच्याचे सुट्टे पैसे मोजायला घेतो.